हायड्रोजनवर चालणारी लॉरी आणि आपली मुले

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या प्रसंगी वक्त्याने संस्थेच्या गतकाळाविषयी बोलावे, देणगीदारांचे आभार मानावेत आणि टाळ्या घेऊन खाली बसावे, असा शिरस्ता आहे. ते काम आमच्याहून अधिकारी अशा मंडळींनी सकाळपासून उत्तम रीतीने केले आहे. आम्हांस चालकांनी ‘विज्ञान आणि आपला समाज’ असा ऐसपैस विषय दिला. आम्ही पेशाने शिक्षक. एवढा विषय एका तासिकेत संपत नाही हे आम्ही जाणतो. म्हणून त्यातील एकच गोष्ट उचलली आहे. डिझेलऐवजी हायड्रोजन वायूवर चालणाऱ्या अवजड गाड्या, ही ती गोष्ट.

ऐन समारंभात हा विषय कशाला, असे काहींच्या मनात येईल. त्याचे उत्तर ह्या मंडपातच आहे. आपल्यापैकी किती घरांची चूल चाकांवर पेटते, ते पाहावे. कोणी लॉरीवर चालक आहे, कोणी क्लीनर. कोणाचे गॅरेज आहे, कोणाचे टायर-पंक्चरचे दुकान. कोणी कमानपाट्यांचे काम करतो, कोणी वेल्डिंगचे. पुण्याहून हैदराबादेस जाणारा ६५ क्रमांकाचा महामार्ग सोलापूर, उमरगा ओलांडून बसवकल्याण व हुमनाबाद तालुक्यांतून जातो, आणि त्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना आपली माणसे पोट भरतात. शहाबाद, वाडी, सेडम ह्या बाजूचे सिमेंट व फरशी, कलबुर्गीची तूरडाळ, बिदर जिल्ह्यातील साखर, हे सारे लॉरीच्या पाठीवरूनच जगात जाते. त्या लॉरीचे इंधन बदलणार असेल, तर तो प्रश्न शास्त्रज्ञांचा तर आहेच. पण त्याहून अधिक आपल्या घरातला आहे.

मोटार ह्या मुलखाला नवी नाही. निजामाच्या राज्यात १९३२ साली रेल्वेच्या अखत्यारीत मोटार-वाहतूक खाते सुरू झाले, तेव्हा त्याच्यापाशी अवघ्या २७ बसगाड्या होत्या. बिदर आणि गुलबर्गा तेव्हा त्याच राज्यात होते. आज कलबुर्गीत मुख्य कचेरी असलेले कल्याण कर्नाटक परिवहन महामंडळ आपल्या गावांतून बस चालवते. ह्या इतक्या वर्षांत आपल्या लोकांनी मोटारविद्या कशी मिळवली? शाळेत नव्हे. उस्तादाच्या हाताखाली, झाडाच्या सावलीत, हातात तेलकट फडके धरून. उस्ताद पाना मागे, शागीर्द देई. आणि पाना देता देताच शागीर्द उस्ताद होई. ही परंपरा थोर होती, तिने आपल्याला भाकर दिली.

पण तिला एक मर्यादा होती. जे यंत्र डोळ्यांना दिसते आणि कानांना ऐकू येते, तेवढेच ह्या परंपरेला शिकवता येई. इंजिनाचा आवाज ऐकून बिघाड सांगणारे मिस्त्री आपल्यात होते, आजही आहेत. पुढे इंजिनात इलेक्ट्रॉनिक यंत्रणा शिरली. एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना भारत स्टेज ६ चे नियम लागू झाले, आणि पाना हाती घेण्याआधी गाडीला संगणक जोडण्याची वेळ आली. कानाने ऐकणारा मिस्त्री तेथे अडला. काम कंपनीच्या वर्कशॉपकडे वळले, आणि आपल्या गॅरेजांसमोर जुन्या गाड्याच तेवढ्या उभ्या राहू लागल्या. नवी विद्या आपल्या दारी आली, ती आपण तिला ओळखण्याआधी पुढे निघून गेली. हेच पुन्हा घडू नये, एवढ्यासाठी आजचे हे बोलणे आहे.

आता मूळ विषयाकडे येऊ. हायड्रोजनला आपल्या जुन्या पाठ्यपुस्तकांत उद्‌जन म्हणत असत. जगातला हा सर्वांत हलका वायू. हवेपेक्षा सुमारे १४ पट हलका. त्याला रंग नाही, वास नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत जस्ताच्या तुकड्यांवर सौम्य गंधकाम्ल टाकले की बुडबुडे येतात; जळती काडी जवळ नेली की ‘फट्’ असा आवाज होतो. तो हायड्रोजन. आपल्या बिदरी कारागिरांच्या हातातले जे भांडे, त्याच्या मिश्रधातूत मोठा वाटा जस्ताचाच असतो. तेव्हा ह्या वायूचा एक नातेवाईक आपल्या गावात पाच-सहाशे वर्षांपासून नांदत आहे, असे विनोदाने म्हणता येईल.

मात्र एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. दगडी कोळसा खाणीत सापडतो, खनिज तेल विहिरीत सापडते. हायड्रोजनचे तसे नाही. तो बहुतेक सारा पाण्यात वा तेल-वायूंत दुसऱ्या मूलद्रव्यांशी बांधलेला असतो. त्याला सोडवावे लागते आणि सोडवायला ऊर्जा खर्च करावी लागते. म्हणून हायड्रोजन हे स्वतः धन नव्हे. ते धन वाहून नेणारे पाकीट आहे. पाकिटात आधी कोणी तरी काही तरी घालावे लागते.

पाण्यातून वीज नेली म्हणजे पाण्याचे हायड्रोजन व प्राणवायू असे दोन भाग होतात, हे दहावीच्या मुलालाही ठाऊक आहे. ह्याच्या उलट केले तर? १८३९ च्या सुमारास विल्यम ग्रोव्ह नावाच्या गृहस्थांनी हाच उलटा प्रयोग करून दाखवला. ते पेशाने वकील होते, पुढे न्यायाधीशही झाले. हायड्रोजन व प्राणवायू एकत्र आणून त्यांनी वीज मिळवली. हाच इंधनघट, ज्याला व्यवहारात फ्युएल सेल म्हणतात. पुढे सव्वाशे वर्षे तो बहुतेक प्रयोगशाळेतच राहिला. १९५९ मध्ये अमेरिकेत अशा घटांवर एक ट्रॅक्टर चालवून दाखवण्यात आला, आणि त्यानंतर चंद्रावर गेलेल्या अपोलो यानांना ह्याच घटांनी वीज पुरवली.

त्याची रचना थोडक्यात सांगतो. मध्ये एक पातळ पडदा असतो. त्याच्या दोन्ही बाजूंना प्लॅटिनमचा सूक्ष्म थर असतो. एका बाजूने हायड्रोजन येतो. प्लॅटिनमच्या स्पर्शाने त्याच्या अणूतील प्रोटॉन व इलेक्ट्रॉन विलग होतात. पडदा प्रोटॉनला वाट देतो, इलेक्ट्रॉनला देत नाही. इलेक्ट्रॉनला बाहेरच्या तारेने वळसा घालून पलीकडे जावे लागते. आणि तारेतून इलेक्ट्रॉनांनी धावणे, ह्यालाच आपण वीज म्हणतो. पलीकडे हवेतला प्राणवायू वाट पाहत असतो. सारे एकत्र आले की पाणी होते. ज्वाला नाही, धडधड नाही, काजळी नाही. एका घटातून एक व्होल्टपेक्षाही कमी वीज मिळते, म्हणून असे शेकडो घट वहीच्या पानांसारखे एकावर एक रचतात. त्या विजेवर मोटर फिरते, आणि मोटरीवर चाक. म्हणजे हायड्रोजनची लॉरी ही अंतर्यामी विजेचीच लॉरी असते. ही गोष्ट विसरू नये. पुढे तिचेच काम पडणार आहे.

मग सरळ बॅटरीच का बसवू नये? लहान गाडीला ती बसवावीच. परंतु अवजड गाडीचा हिशेब निराळा असतो. भरलेल्या मोठ्या लॉरीला एका किलोमीटरला सव्वा-दीड युनिट वीज लागते. एका दमात ५०० किलोमीटर जायचे, तर बॅटरीचेच वजन चार टनांच्या आसपास होते. तेवढा माल कमी भरावा लागतो, आणि बॅटरी भरून होईपर्यंत गाडी उभी ठेवावी लागते. चाक थांबले की धंदा थांबला, हे लॉरीवाल्यास सांगावयास नको. उलट, एक किलो हायड्रोजनात सुमारे ३३ युनिट ऊर्जा असते. वजनास वजन लावले तर डिझेलच्या पावणेतीन पट. चाळीस किलो हायड्रोजन आणि त्याच्या टाक्या मिळून वजन एका टनाच्या आत राहते, आणि टाक्या पंधरा-वीस मिनिटांत भरता येतात.

अडचण आहे ती जागेची. हा वायू इतका विरळ, की साध्या दाबाखाली एक किलो हायड्रोजन ठेवायला लहानशी खोली लागेल. म्हणून तो दाबून भरतात. बस आणि लॉरीत बहुधा ३५० बार दाबाने. आपण लॉरीच्या टायरात हवा भरतो, तिचा दाब साधारण ८ बार असतो. त्याच्या चाळीस पटींहून अधिक दाब त्या टाकीत असतो. ह्या एका आकड्यावरून ध्यानात यावे, की हे काम ऐऱ्यागैऱ्या हातांचे नव्हे.

आता, हे सारे विलायतेतच चालले आहे का? तसे नाही. आपल्याच महामार्गाच्या दुसऱ्या टोकाला, पुण्यात, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि केपीआयटी ही कंपनी ह्या कामात आहेत. ऑक्टोबर २०२० मध्ये देशात घडवलेल्या इंधनघटावर त्यांनी मोटारगाडीची चाचणी घेतली, आणि २१ ऑगस्ट २०२२ रोजी पुण्यात केंद्रीय मंत्री जितेंद्र सिंह यांच्या हस्ते देशी बनावटीची इंधनघट-बस लोकांसमोर आली. नागपूरचे नितीन गडकरी मार्च २०२२ मध्ये हायड्रोजनच्या मोटारीतून संसदेत गेले, ते चित्र अनेकांनी पाहिले असेल. जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने १९,७४४ कोटी रुपयांचे राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियान मंजूर केले. मार्च २०२५ मध्ये वाहनांच्या पाच चाचणी-योजनांना मान्यता मिळाली: ३७ बस व ट्रक आणि ९ इंधन-केंद्रे. ह्या ३७ पैकी १५ गाड्या इंधनघटाच्या आहेत. उरलेल्या २२ गाड्यांत हायड्रोजन इंजिनातच जाळला जातो. ठरलेल्या मार्गांत पुणे-मुंबई हाही एक आहे. त्याच महिन्यात टाटा मोटर्सच्या हायड्रोजन ट्रकांना गडकरी आणि आपल्या कर्नाटकाचेच प्रल्हाद जोशी ह्यांनी हिरवा झेंडा दाखवला. मे २०२५ मध्ये छत्तीसगडात रायगड भागातील कोळशाच्या वाहतुकीसाठी ४० टन माल वाहणारी हायड्रोजनची गाडी उतरवण्यात आली.

बाहेरच्या देशांतही दोन्ही प्रकारचे दाखले आहेत. स्वित्झर्लंडमध्ये २०२० पासून ह्युंदाईच्या हायड्रोजन लॉऱ्या धावू लागल्या. ४८ गाड्यांनी मिळून २०२४ च्या मध्यापर्यंत एक कोटी किलोमीटरचा पल्ला ओलांडला. पण अमेरिकेत ह्याच धंद्यात मोठा गाजावाजा करून उतरलेल्या निकोला कंपनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये दिवाळे जाहीर केले. तेव्हा हायड्रोजन म्हणजे उद्याचे सोने, असे सांगणाऱ्यापासून जपून राहावे. आणि हे सारे थोतांड आहे, असे सांगणाऱ्यापासूनही.

खरे काय, ते हिशेबाने पाहू. आमच्या वर्गात आम्ही मुलांना हेच गणित घालतो. एक मोठी लॉरी दिवसाला ४०० किलोमीटर धावते असे धरा. तिला सुमारे ३२ किलो हायड्रोजन लागेल. पाण्यातून एक किलो हायड्रोजन काढण्यास साधारण ५५ युनिट वीज लागते. म्हणजे दिवसाला १,७६० युनिट. ही वीज सूर्यापासून घ्यायची, तर एक किलोवॉटच्या पाट्या दिवसाला सरासरी चार युनिट देतात. म्हणजे ४४० किलोवॉटच्या पाट्या हव्यात आणि त्यांना सुमारे दोन एकर जमीन. एका लॉरीमागे दोन एकर ऊन! तेच अंतर बॅटरीची लॉरी सुमारे ६०० युनिटांत तोडील. म्हणजे हायड्रोजनच्या वाटेने गेले तर जवळजवळ तिप्पट वीज खर्ची पडते. कारण विजेचा वायू करायचा, वायू दाबायचा, आणि पुन्हा त्याची वीज करायची. प्रत्येक नाक्यावर थोडे थोडे सांडते.

ही वीज वाचवण्यासाठी कोणी नैसर्गिक वायूतून हायड्रोजन काढील. आज देशातला बहुतेक हायड्रोजन तसाच निघतो आणि तेलशुद्धीकरणाला व खतांना जातो. पण त्यात एका किलोमागे नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. ३२ किलोंमागे सुमारे ३०० किलो. आणि तीच लॉरी डिझेलवर चालली असती तर? लिटरला साडेतीन किलोमीटर धरले, तर ११५ लिटर डिझेल आणि पुन्हा सुमारे ३०० किलोच! म्हणजे गाडीच्या मागून पाण्याची वाफ निघाली, एवढ्यावर ती स्वच्छ ठरत नाही. धूर नाहीसा होत नाही. तो फक्त दुसऱ्या गावच्या धुराड्यातून निघतो. म्हणून सरकारने २०२३ साली नियम केला, की एका किलोमागे दोन किलोपेक्षा अधिक कार्बन डायऑक्साइड होत नसेल तरच त्यास ‘हरित’ म्हणावे.

पाण्याचाही प्रश्न आमच्या विद्यार्थ्यांनीच विचारला. रास्त आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपण पाहिलेले आहे. ज्या बिदरात बहामनी काळातील पूर्वजांनी नौबादेजवळ जमिनीखालून करेज खोदून पाणी आणले, तेथे पाण्याचा हिशेब कोणी विसरणार नाही. एक किलो हायड्रोजनास ९ लिटर पाणी लागते. ३२ किलोस २८८ लिटर. शुद्धीकरण व थंडावा धरून ह्याची दुप्पट-तिप्पट करा. नळयोजनेत माणशी दिवसाला ५५ लिटर धरतात. त्या मापाने एक लॉरी दहा ते पंधरा माणसांचे पाणी पिते. एका लॉरीला ते मोठे नाही. ज्या भागात उसाला पाणी मिळते, तेथे तर नाहीच. पण हजार लॉऱ्यांचा कारखाना उन्हाळ्यात कोरड्या पडणाऱ्या तालुक्यात काढू नये, एवढे शहाणपण हवे.

ह्या सर्वांवरून आमचे मत असे बनले आहे. शहरातली बस, गावातली रिक्षा, कारखान्याला ऊस नेणारी जवळची फेरी, ही कामे बॅटरीची. जेथे रूळ पोचले आहेत तेथे मोठा माल रेल्वेनेच जावा. बिदर-कलबुर्गी लोहमार्ग २०१७ साली सुरू झाला, त्याचा लाभ घ्यावा. उरले ते लांब पल्ल्याचे, जड मालाचे, ठरलेल्या मार्गाचे काम; तेथे हायड्रोजनला जागा मिळण्याचा संभव आहे. तोही बॅटऱ्या त्याआधी हलक्या व स्वस्त झाल्या नाहीत तर. आमच्या रस्त्यावर हायड्रोजनची लॉरी पाच वर्षांनी येईल, की पंधरा, की येणारच नाही, ह्यावर पैज लावण्याचे कारण नाही. देशाला लागणाऱ्या खनिज तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक बाहेरून येते. असल्या परावलंबनावर कोणताही देश कायम राहू इच्छिणार नाही. डिझेल कधी ना कधी मागे पडेल, एवढे धरून चालावे.

मग पैज कशावर लावावी? मुलाच्या हातावर.

कारण पाहा. नव्या लॉरीतून काय जाईल? पिस्टन, इंजेक्टर, डिझेल पंप, सायलेन्सर, इंजिन ऑइल. काय राहील? ब्रेक, ॲक्सल, स्टिअरिंग, कमानपाटे, टायर, बॉडी. आणि नवे काय येईल? शेकडो व्होल्टची वीज, मोठ्या दाबाचा वायू, थंड पाण्याची यंत्रणा, गळती ओळखणारी उपकरणे. ह्यांतील वीज ही बॅटरीच्या गाडीतही आहे आणि हायड्रोजनच्या गाडीतही. लॉरी आतून विजेचीच असते, असे मघाशी म्हटले ते ह्यासाठी. इंधन कोणतेही जिंको, ज्याला ही वीज सुरक्षितपणे हाताळता येते त्याला काम आहे. ज्याला येत नाही, त्याच्या जिवाला धोका आहे. हे डिझेल पंप खोलण्याइतके सोपे नाही. येथे चुकीचा हात एकदाच पडतो.

वायूचेही तसेच. हायड्रोजनची ज्योत दिवसा जवळजवळ दिसत नाही. हवेत त्याचे प्रमाण ४ टक्के झाले तरी तो पेट घेतो. मोकळ्या जागी तो झटकन वर निघून जातो, हा त्याचा गुण. पण पत्र्याचे छत असलेल्या बंद गॅरेजात तो छताखाली साचतो, हा धोका. तेथे वर झरोके हवेत आणि विडी-काडी बाहेर हवी. १० जून २०१९ रोजी नॉर्वेत ऑस्लोजवळ सांडविका येथे हायड्रोजनचे एक इंधन-केंद्र स्फोटाने उद्‌ध्वस्त झाले. सुदैवाने कोणी दगावले नाही. चौकशीत काय निघाले? दाबाच्या टाकीवर एका जोडणीतील बोल्ट पुरेसे आवळलेले नव्हते. एवढे मोठे शास्त्र, एवढा मोठा खर्च, आणि सारे अडले ते बोल्ट आवळणाऱ्या हातापाशी! आमच्या मते ह्या एका दाखल्यात मिस्त्रीच्या कामाची सारी प्रतिष्ठा सामावली आहे. शास्त्रज्ञ कितीही मोठा असो, शेवटचा बोल्ट मिस्त्रीच आवळतो. आणि तो किती आवळावा, हे त्यास मोजून कळले पाहिजे, अंदाजाने नव्हे.

म्हणून विश्वस्त मंडळींपुढे तीन नम्र सूचना ठेवतो.

पहिली. आपली संस्था देणग्यांतून व जकातीतून मुलांची पुस्तके आणि फी भरते. डॉक्टर, इंजिनियर होणाऱ्यास मदत मिळते, ते योग्यच आहे. पण आयटीआयला जाऊन इलेक्ट्रिशियन, इलेक्ट्रॉनिक मेकॅनिक वा वेल्डर होणाऱ्यास आपण त्याच मानाने हार घालतो का? सुवर्णमहोत्सवी निधीचा निश्चित भाग ह्या हातकामाच्या शिक्षणाकरिता राखून ठेवावा. त्यात मुलींनाही तेवढीच वाट असावी. इंधनघट जुळवण्याचे काम घण मारण्याचे नव्हे. ते स्वच्छ टेबलावर, बारकाईने करण्याचे आहे.

दुसरी. जे आज गॅरेजात काम करीत आहेत, त्यांना चाळिशीत शाळेत परत बसवता येणार नाही. त्यांच्यासाठी रात्रीचे लहान वर्ग काढावेत. विषय दोनच: मोठ्या दाबाच्या विजेपासून संरक्षण, आणि वायूपासून संरक्षण. बिदर, भालकी, कलबुर्गी येथे अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. तेथील अध्यापकांस विनंती करावी. रबरी हातमोजे कसे तपासावेत, मीटर कसा लावावा, टॉर्कचा पाना कसा वापरावा, एवढे जरी शिकवले तरी ते ई-रिक्षेपासून बॅटरीच्या बसपर्यंत आजच उपयोगी पडेल. हायड्रोजन आला नाही, तरी ह्यातला एक पैसाही वाया जाणार नाही. ज्या खर्चाचा दोन्ही बाजूंनी उपयोग होतो, तोच संस्थेने करावा.

तिसरी सूचना भाषेची. आपली अवस्था सर्वांस ठाऊक आहे: घरी दखनी, शाळेत मराठी, कचेरीत कन्नड, आणि यंत्राच्या पुस्तकात इंग्रजी. चार भाषा येणे ही श्रीमंती आहे. पण धोक्याची सूचना माणसाला त्याच्या रोजच्या बोलीत वाचता आली पाहिजे. मराठीत व कन्नडमध्ये, चित्रांसह, सोळा पानांची एक पुस्तिका संस्थेने काढावी आणि प्रत्येक गॅरेजात टांगावी. मजकूर लिहिण्याचे काम आम्ही शिक्षक मंडळी विनामूल्य करू.

ह्याच बिदरात १४७२ साली महमूद गवान यांनी मदरसा उभारला. तेव्हा दूरदेशचे विद्वान शिकवायला इकडे येत. नवी विद्या ह्या मातीला परकी नव्हती. मधल्या काळात आपण ती उशिरा येण्याची सवय लावून घेतली. ती सवय मोडण्यास मोठा राजाश्रय लागतोच असे नाही. एखादा मीटर, एक फळा, चार शिकवणारे आणि संध्याकाळी दुकान बंद करून येणारे दहा मिस्त्री, एवढ्याने प्रारंभ होतो.

पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी ही संस्था काढली, त्यांनी आपल्या मुलांच्या हाती पाटी दिली. आता त्या पाटीशेजारी मोजमापाचे साधन ठेवण्याची वेळ आली आहे. अल्लाहच्या कृपेने आणि आपणा सर्वांच्या हातभाराने ते घडो, संस्थेची अशीच भरभराट होवो, आणि रस्त्यावर असलेली आपली माणसे रोज रात्री सुखरूप घरी परत येवोत, एवढी दुआ करून आम्ही आपली रजा घेतो.